पडद्यावरचे चित्र : वॉलपेपर आणि थीमविषयी वाचकांचे प्रश्न

संगणक सुरू केला की सर्वांत आधी वॉलपेपर नजरेस पडतो आणि दिवसभर तो सगळ्या खिडक्यांच्या मागे असतो. या वॉलपेपरविषयी, आयकॉन, रंग आणि आवाज यांना एकत्र बांधणाऱ्या थीमविषयी, आणि हे सगळे इतरांना कसे द्यावे याविषयी वाचकांकडून बरेच प्रश्न आले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मेन्यूंची नावे मुख्यतः विंडोज ११ मधली आहेत. लिनक्स आणि मॅक यांच्याबाबत जेथे फरक पडतो तेथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : मोबाइलने काढलेला फोटो मोबाइलवर स्वच्छ दिसतो, पण तोच संगणकावर वॉलपेपर म्हणून लावला की वरचा-खालचा भाग कापला जातो आणि चित्र धूसर दिसते. संगणकात काही बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड काहीही नाही. आपल्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

आधी कापले जाण्याविषयी. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ या प्रमाणात असतो, तर संगणकाचा पडदा १६:९ किंवा १६:१० या प्रमाणात असतो. समजा, आपला फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा आहे आणि पडदा १९२० × १०८० पिक्सेलचा. विंडोजमधला 'फिल' हा पर्याय पडदा पूर्ण भरण्यासाठी फोटोची रुंदी १९२० करतो, त्याबरोबर उंची १४४० होते. पडद्यावर जागा असते १०८० ओळींची. म्हणून वरच्या १८० आणि खालच्या १८० अशा एकूण ३६० ओळी, म्हणजे फोटोचा चौथा हिस्सा, दिसेनासा होतो. फोटो उभा काढलेला असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण १९२० रुंदीला त्याची उंची २५६० भरते आणि त्यातल्या १४८० ओळी, निम्म्याहून अधिक चित्र, बाहेर राहते. 'फिट' निवडल्यास चित्र पूर्ण दिसते पण कडेला रिकामे पट्टे येतात, आणि 'स्ट्रेच' निवडल्यास चित्र ओढून बसवले जाते, त्यामुळे चेहरे आणि गोल वस्तू विद्रूप होतात. उभ्या फोटोसाठी 'फिट' घेऊन पट्ट्यांचा रंग चित्रातल्याच एखाद्या गडद छटेशी जुळवणे चांगले दिसते. आडव्या फोटोसाठी मात्र कोठे कापायचे हे यंत्रावर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्याही फोटो संपादकात १६:९ ही चौकट निवडावी, ४००० × ३००० मधून ४००० × २२५० एवढा भाग स्वतःच्या नजरेने ठरवून कापावा आणि त्याची वेगळी प्रत ठेवावी. आकाश कापायचे की जमीन, हा निर्णय फोटो काढणाऱ्यानेच घ्यायला हवा.

आता धूसरपणाविषयी. फोटो मोबाइलवरून संगणकावर कोणत्या वाटेने आला, हे आधी पाहावे. गप्पांच्या ॲपमधून फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत लहान केले जाते आणि दाबले जाते. छोट्या पडद्यावर ते खपून जाते, मोठ्या पडद्यावर मात्र उघडे पडते. फाइलवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' उघडले की रुंदी आणि उंची दिसते. ती पडद्याच्या रिझोल्यूशनपेक्षा कमी असेल तर धूसरपणाचे कारण तेथेच सापडले. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला किंवा केबल जोडून घेतला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते.

फाइल मोठी असूनही आकाशासारख्या सलग रंगाच्या भागात पट्टे किंवा चौकोनी ठिगळे दिसत असतील तर कारण निराळे आहे. जेपीजी चित्र वॉलपेपर म्हणून लावले की विंडोज त्याची स्वतःसाठी एक प्रत बनवून ठेवते आणि ती बनवताना गुणवत्ता ८५ या पातळीवर आणते. मुळातच एकदा-दोनदा दाबले गेलेले चित्र या आणखी एका फेरीत अधिक उतरते. म्हणून कापलेली प्रत साठवताना जेपीजीची गुणवत्ता शक्य तितकी वरची ठेवावी आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडून साठवू नये.

या प्रतीचा एक उपयोगही आहे. विंडोजमध्ये लावलेले एकच चित्र मूळ जागेवरून चुकून पुसले गेले तरी वॉलपेपर टिकून राहतो. लिनक्सवरील नोम या डेस्कटॉपच्या काही आवृत्त्यांत मात्र मूळ फाइलचा पत्ताच वापरला जातो. तेथे डाउनलोडच्या फोल्डरची साफसफाई केली की वॉलपेपरही जातो. म्हणून अशी चित्रे आधीच एखाद्या कायमच्या फोल्डरमध्ये हलवावीत.

प्रश्न : माझ्या वॉलपेपरची फाइल १२ एमबीची आहे. एवढ्या मोठ्या चित्राने संगणक मंद होतो, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का? आणि हलणाऱ्या वॉलपेपरचे काय?

उत्तर : स्थिर चित्राबाबत काळजीचे कारण नाही. डिस्कवर फाइल केवढी आहे याचा आणि पडद्यावर ती किती स्मृती व्यापते याचा थेट संबंध नसतो, कारण दाखवण्यापूर्वी चित्र उलगडले जाते आणि पडद्याच्या मापाचे केले जाते. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकी ४ बाइट धरले तर साधारण ८ एमबी होतात. ३८४० × २१६० च्या पडद्यावर हाच हिशेब सुमारे ३३ एमबीवर जातो. ८ जीबी रॅमच्या संगणकाला हा भार जाणवतही नाही, मग फाइल १२ एमबीची असो की १ एमबीची.

हलणाऱ्या वॉलपेपरची गोष्ट वेगळी. तेथे चित्र सतत नव्याने रेखाटले जाते, ग्राफिक्स चिप जागी राहते आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी लवकर उतरते. 'वॉलपेपर इंजिन'सारख्या प्रणालीत दुसरी खिडकी पूर्ण पडद्यावर असताना हालचाल थांबवण्याची सोय असते. ती अवश्य चालू ठेवावी.

प्रश्न : मला डोंगर-झाडांचे फोटो फार आवडतात, पण ते लावले की आयकॉनची नावे वाचताच येत नाहीत. शेवटी कंटाळून मी साधा निळा रंग ठेवला आहे. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि निळ्या रंगावर समाधान मानण्याची आपल्याला काहीच गरज नाही. फक्त एखादा फोटो भिंतीवर चौकटीत शोभतो म्हणून तो आयकॉनच्या मागेही शोभेल असे नसते, कारण वॉलपेपरवर दिवसभर काही ना काही ठेवलेले असते आणि त्याला मागे राहता यावे लागते.

याचा उत्तम नमुना म्हणजे विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये आलेला हिरव्या टेकडीचा फोटो. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने तो जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा भागात मध्यम आकाराच्या फिल्मच्या कॅमेऱ्याने काढला होता. तो पुन्हा एकदा आयकॉनच्या दृष्टीने पाहावा. खालचा भाग जवळपास एकाच हिरव्या छटेचा, वरचा भाग निळा, ढग विरळ आणि मऊ कडांचे; नजर खिळवून ठेवील असा माणूस किंवा घर त्यात नाही. आयकॉन कोठेही ठेवला तरी त्याच्या मागे शांत रंग येतो. वर्षानुवर्षे समोर असूनही त्या चित्राचा जाच होत नसे, याचे श्रेय मी या मोकळ्या जागेला देतो.

आपल्या संग्रहातून फोटो निवडताना ते लघुचित्रांच्या रूपात पाहावेत आणि डोळे किंचित मिटून बघावे. ज्या चित्रात दोन-तीनच मोठे आकार उरतात ते वॉलपेपरला योग्य. ज्यात पानापानांची खिचडी दिसते ते अयोग्य. झाडांचाच फोटो हवा असेल तर पानांच्या दाट गर्दीपेक्षा धुक्यातले एखादे झाड, किंवा एका कडेला झाड आणि उरलेल्या भागात आकाश, अशी रचना शोधावी. विंडोजमध्ये आयकॉन डावीकडून भरत जातात आणि मॅकवर ते उजवीकडे येतात. म्हणून विंडोजसाठी चित्राचा मुख्य विषय उजवीकडे असलेला बरा. तो डावीकडे असेल तर चित्र आडवे उलटवून पाहावे, मात्र त्यात अक्षरे किंवा ओळखीची वास्तू असल्यास उलटवू नये, ते लगेच खटकते.

एखादा आवडता फोटो या कसोटीला उतरत नसेल तरी त्याला टाकून देण्याचे कारण नाही. संपादकात त्यावर एक नवा थर घ्यावा, डाव्या कडेकडून गडद आणि मध्याकडे विरत जाणारी छटा त्यावर भरावी, आणि थराची पारदर्शकता कमी-जास्त करत आयकॉनची पांढरी अक्षरे वाचता येईपर्यंत ती जुळवावी. चित्र बदललेले सहसा लक्षातही येत नाही. त्या कडेला सावली पडली आहे, एवढेच जाणवते. वेबवरील सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील तेजस्वितेचे प्रमाण किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ असावे असे म्हटले आहे. वॉलपेपरला हा निकष बंधनकारक नाही, पण अंदाज घेण्यासाठी तो चांगला आहे.

आपल्या पत्रात वयाचा आणि चष्म्याचाही उल्लेख आहे, म्हणून आणखी थोडे. 'सेटिंग्ज'मधील 'ॲक्सेसिबिलिटी' येथे अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो आणि माउसचा बाणही मोठा व वेगळ्या रंगाचा करता येतो. तेथेच 'कॉन्ट्रास्ट थीम्स' आहेत. त्यांत खिडक्या, मजकूर आणि दुवे यांचे रंग एकमेकांपासून अगदी स्पष्ट वेगळे ठेवलेले असतात. डावे आल्ट, डावे शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे एकदम दाबली की निवडलेली कॉन्ट्रास्ट थीम चालू-बंद होते. दिवसा नेहमीची थीम आणि डोळे थकले की ही, असा वापर करून पाहावा.

प्रश्न : मी वॉलपेपरचा संच, रंग आणि आवाज जुळवून एक थीम तयार केली आहे. मैत्रिणीला थीमची फाइल पाठवली, तर तिच्याकडे फक्त रंग बदलले आणि चित्रे आलीच नाहीत. असे का झाले?

उत्तर : आपण चुकीची फाइल पाठवली असावी. विंडोजमध्ये दोन प्रकारच्या फाइली असतात. 'थीम' असे नामविस्तारक (फाइलच्या नावात टिंबानंतर येणारी अक्षरे) असलेली फाइल म्हणजे केवळ एक यादी, तर 'डेस्कथीमपॅक' म्हणजे यादी आणि सामान दोन्ही बांधलेले गाठोडे.

खात्री करायची असल्यास ती 'थीम' फाइल नोटपॅडमध्ये उघडावी; ती साध्या मजकुराची असते. चौकटी कंसांत विभागांची नावे दिसतील, त्यांच्याखाली एकेक ओळ. एका ओळीत थीमचे नाव असते, दुसरीत वॉलपेपरच्या फाइलचा पूर्ण पत्ता असतो, अगदी सी ड्राइव्हपासून आपल्या नावाच्या फोल्डरपर्यंत. स्लाइडशोच्या विभागात चित्र किती वेळाने बदलायचे याचा आकडा सापडेल. अर्धा तास असेल तर तो १८००००० असा लिहिलेला असतो, कारण हिशेब मिलिसेकंदांत आहे. आता अडचण लक्षात येईल. तो पत्ता आपल्या संगणकावरचा आहे आणि मैत्रिणीच्या संगणकावर त्या पत्त्यावर काहीच नाही. रंग यादीतच लिहिलेले असल्यामुळे तेवढे पोहोचले.

यासाठी 'सेटिंग्ज'मध्ये 'पर्सनलायझेशन' आणि तेथून 'थीम्स' उघडावे, चालू थीम आधी 'सेव्ह' करावी आणि तिच्या लघुचित्रावर राइट-क्लिक करून 'सेव्ह थीम फॉर शेअरिंग' निवडावे. तयार होणाऱ्या डेस्कथीमपॅकमध्ये चित्रे प्रत्यक्ष भरलेली असतात. हा प्रकार विंडोज ८ पासून आला. विंडोज ७ मध्ये त्याच्या जागी 'थीमपॅक' होता, म्हणून फार जुना संगणक नवे गाठोडे आपणहून उघडणार नाही. दोन्ही गाठोडी मुळात कॅबिनेट या जुन्या प्रकारच्या संकुचित फाइली आहेत आणि सेव्हन-झिपसारख्या साधनाने उघडून आतील चित्रे वेगळी काढता येतात. लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्या स्नेह्यांना चित्रे द्यायची असतील तर एवढे पुरते.

आयकॉनची मांडणी आणि वेगळे बसवलेले फॉन्ट या गाठोड्यात जात नाहीत. त्यांच्यासाठी डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट सोबत द्यावा. पण तो घेण्यापूर्वी पडद्यावरची प्रत्येक फाइल वाचून पाहावी. आपल्याला सवयीने न दिसणारी 'पगारपत्रक' किंवा 'वैद्यकीय अहवाल' ही नावे समोरच्याला पहिल्या नजरेत दिसतात, आणि कोपऱ्यातल्या सूचनाही चित्रात येतात.

लिनक्सवर थीमचे आणि आयकॉनचे फोल्डरच संकुचित करून दिले जातात. नोमच्या ४२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, उजळ आणि गडद अशा दोन्ही अवस्थांसाठी वेगवेगळी चित्रे ठेवता येतात, तेव्हा द्यायचीच तर जोडी द्यावी. मॅकवर अशी पूर्ण थीम देण्याची सोय नाही, चित्रच द्यावे लागते. मात्र २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून तेथे दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे वॉलपेपर आहेत. मोहावीच्या वाळवंटाच्या वॉलपेपरमध्ये एकाच फाइलीत १६ चित्रे आहेत. अशी फाइल दुसऱ्या प्रणालीवर पाठवल्यास वेळेनुसार बदल होईलच असे धरून चालू नये.

प्रश्न : थीम म्हणजे नुसती चित्रे आणि रंग. मग अनोळखी ठिकाणाहून थीम उतरवून घेण्यात धोका कसला?

उत्तर : धोका खरा आहे, आणि या प्रश्नाला जरा विस्ताराने उत्तर द्यावे असे मला वाटते, कारण अनेकांची समजूत आपल्यासारखीच आहे.

जेपीजी किंवा पीएनजी चित्र हे बहुतांशी निरुपद्रवी असते. थीममध्ये मात्र चित्राखेरीज सूचना असतात आणि त्या सूचना संगणक पाळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधली अशीच एक त्रुटी दुरुस्त केली. संगणक-सुरक्षेच्या वर्तुळात ती 'थीमब्लीड' या नावाने ओळखली जाते. थीमच्या यादीत खिडक्यांच्या रूपाची फाइल कोठे आहे त्याचा पत्ता असतो, आणि तो पत्ता दूरच्या एखाद्या संगणकाचाही असू शकतो. विंडोज त्या फाइलीसोबतच्या प्रणालीची डिजिटल सही तपासत असे आणि मग ती वापरत असे; पण तपासणे आणि वापरणे या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात दूरचा संगणक फाइल बदलून देऊ शकत होता. सही खऱ्या फाइलीची तपासली जाई आणि चालवली जाई दुसरीच. वापरणाऱ्याने एवढेच केलेले असे की, थीमवर डबल-क्लिक केले. दुरुस्ती झालेली असल्यामुळे ज्यांचा संगणक नियमित अपडेट होतो त्यांना या त्रुटीची भीती नाही, पण थीम उघडणे म्हणजे काय करणे असते हे त्यातून स्पष्ट व्हावे.

दुसरे उदाहरण लिनक्सचे. मार्च २०२४ मध्ये केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरणाऱ्या एका व्यक्तीने अधिकृत दालनातून एक 'ग्लोबल थीम' बसवली आणि त्या थीमसोबत आलेल्या आदेशांनी तिच्या स्वतःच्या फाइली पुसून टाकल्या. ग्लोबल थीमला स्वतःचे आदेश चालवता येतात, हे बहुतेकांना तोवर ठाऊकच नव्हते. त्यानंतर केडीईच्या चमूने अशा थीमविषयी जाहीर सावधगिरीचा इशारा दिला.

म्हणून माझा सल्ला असा की, आवडले ते चित्र असेल तर चित्रच घ्यावे, पूर्ण थीम घेऊ नये. थीम घ्यायचीच तर ती विंडोजच्या स्वतःच्या स्टोअरमधून किंवा ओळखीच्या माणसाकडून घ्यावी. 'वॉलपेपर' म्हणून मिळालेल्या फाइलीचे नामविस्तारक 'ईएक्सई' किंवा 'एससीआर' असेल तर ती उघडू नये; स्क्रीनसेव्हरची एससीआर फाइल ही इतर कोणत्याही प्रोग्रॅमसारखी चालणारी फाइल असते. नामविस्तारक दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो', 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' हे चालू करावे. आणि विंडोजचे रूप पूर्ण पालटणाऱ्या ज्या थीम बसवण्यासाठी आधी प्रणालीची एखादी मूळ फाइल बदलायला सांगतात, त्यांपासून दूर राहावे. मायक्रोसॉफ्टची सही नसलेली रूपे विंडोज स्वीकारत नाही आणि तो पहारा काढून टाकण्याइतकी कोणतीही थीम मोलाची नसते.

प्रश्न : इंटरनेटवर मिळालेल्या सुंदर चित्रांवर महिन्याचे कॅलेंडर छापून मी ती दरमहा ओळखीच्या लोकांना पाठवतो. मी पैसे घेत नाही. यात काही गैर आहे का?

उत्तर : पैसे न घेणे ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात सामील असलेल्या देशांत चित्र काढताक्षणी त्याचा हक्क निर्मात्याला मिळतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही किंवा चित्रावर खूण असावी लागत नाही. चित्राखाली नाव नाही याचा अर्थ ते कोणाचेच नाही असा होत नाही. आपण चित्राच्या प्रती वाटता आणि त्यात बदलही करता, त्यामुळे परवानगी लागते.

सुदैवाने ही परवानगी आधीच देऊन ठेवलेली पुष्कळ चित्रे उपलब्ध आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत काही अक्षरे असतात आणि आपल्या कॅलेंडरपुरता त्यांचा अर्थ असा : 'बीवाय' असेल तर निर्मात्याचे नाव, मूळ चित्राचा पत्ता, परवान्याचे नाव आणि आपण बदल केला आहे हे लिहावे लागते, 'एसए' असेल तर आपले कॅलेंडरही त्याच परवान्याखाली द्यावे लागते, 'एनसी' असेल तर त्याचा धंदेवाईक उपयोग करता येत नाही, आणि तो आपण करतही नाही. अडचण 'एनडी'ची आहे. त्यात बदललेले रूप इतरांना देण्यास मनाई असते, म्हणून चित्रावर कॅलेंडर छापून वाटणे त्यात बसत नाही, फुकट दिले तरीही. 'सीसी झिरो' असेल तर कोणतीच अट नाही. अनस्प्लॅशवरील चित्रे जून २०१७ पर्यंत सीसी झिरोखाली होती, त्यानंतर त्या संकेतस्थळाने स्वतःचा परवाना आणला; तो आपल्यासारख्या उपयोगाला मोकळा आहे, पण चित्रे जशीच्या तशी विकण्यास मनाई करतो. अवकाशाची चित्रे आवडत असतील तर नासाची बहुतेक छायाचित्रे कॉपीराइटमुक्त असतात, मात्र नासाचे बोधचिन्ह वापरण्यावर बंधने आहेत. चित्रपटांची पोस्टर, कार्टूनमधील पात्रे आणि कंपन्यांची चिन्हे यांना मात्र हातच लावू नये.

श्रेय कोठे लिहावे, असा पुढचा प्रश्न येईल. कॅलेंडरच्या खालच्या कडेला, टास्कबारच्या वर राहील एवढी जागा सोडून, लहान अक्षरांत लिहावे. टास्कबारखाली झाकलेले श्रेय दिल्यासारखे होत नाही.

स्वतः काढलेले फोटो वाटत असाल तर हक्काचा प्रश्न नाही, पण वेगळी दक्षता घ्यावी. मोबाइलच्या फोटोत तो कोठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घराच्या गच्चीवरून काढलेला सूर्यास्त अनेकांकडे पोहोचला की घराचा पत्ताही पोहोचतो. फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिटेल्स'खाली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन' हा दुवा आहे. तेथून सर्व माहिती काढलेली प्रत बनवता येते. या प्रतीतून छायाचित्रकाराचे नावही निघून जाते, म्हणून ते फाइलीच्या नावात किंवा चित्राच्या कडेला पुन्हा घालावे.

प्रश्न : काळा वॉलपेपर ठेवल्यास विजेची बचत होते का?

उत्तर : पडदा ओलेड असेल तर होते, कारण तेथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा पिक्सेल जवळपास बंद असतो. नेहमीच्या एलसीडी पडद्याच्या मागे दिवे असतात आणि ते काळ्या चित्रामागेही जळत राहतात. तेथे उजळपणा कमी करणे हाच खरा उपाय. शिवाय दिवसभर खिडक्यांनी पडदा झाकलेला असेल तर वॉलपेपरच्या रंगाला महत्त्व उरत नाही, खिडक्यांची गडद थीम जास्त उपयोगाची. ओलेड पडद्यावर एकच ठळक चित्र महिनोन्‌महिने ठेवल्यास त्याचा ठसा उमटू शकतो, म्हणून तेथे चित्रे बदलती ठेवावीत.

प्रश्न : कार्यालयातील संगणकावर वॉलपेपर बदलण्याचा पर्यायच फिकट दिसतो. तो सुरू करण्याची युक्ती सांगाल का?

उत्तर : युक्ती सांगणार नाही. तो पर्याय कार्यालयाच्या धोरणाने बंद केलेला असतो आणि त्याला वळसा घालणे नोकरीच्या नियमांत बसत नाही. दृष्टीच्या अडचणीमुळे बदल हवा असेल तर तसे संगणक विभागाला लेखी कळवावे. विनंती रास्त आहे आणि ती मान्य होण्याजोगी आहे.

प्रश्न : मला चित्रकलेची आवड आहे. स्वतः काढलेल्या नक्षीचा, सगळीकडे सारखा पसरणारा वॉलपेपर बनवायचा आहे. पण चौकोन एकमेकांना जोडले की रेघा दिसतात. त्या कशा घालवाव्यात?

उत्तर : आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण डेस्कटॉप सजवण्याची ही सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक आहे आणि अलीकडे ती मागे पडली आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ × ३४२ ठिपक्यांचा आणि निव्वळ काळा-पांढरा होता. त्याची पार्श्वभूमी ८ × ८ ठिपक्यांच्या एका चौकोनाच्या पुनरावृत्तीतून बनत असे आणि कंट्रोल पॅनेलमध्ये ते ६४ ठिपके एकेक करून आपल्या मनासारखे बदलता येत. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, म्हणजे सगळी नक्षी अवघ्या ८ बाइटांत मावत असे. आज आपल्याकडे रंग आहेत आणि जागाही भरपूर आहे, पण कौशल्य तेच लागते.

रेघा घालवण्याची रीत अशी. जिंप या मोफत संपादकात नक्षीचा चौकोन उघडावा. 'लेयर', त्यातील 'ट्रान्सफॉर्म' आणि मग 'ऑफसेट' येथे जाऊन चित्र निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने सरकवावे, आणि कडेबाहेर गेलेला भाग विरुद्ध बाजूने आत येईल असा पर्याय निवडावा. आता चारही कोपरे मध्यभागी एकत्र आलेले दिसतील आणि ज्या रेघा जोडताना दिसत होत्या त्या अधिकच्या चिन्हासारख्या चित्राच्या मधोमध उघड्या होतील. ब्रशने किंवा क्लोनच्या साधनाने तेवढाच भाग रंगवून जुळवावा. हे करताना नव्या कडांना स्पर्श करू नये. त्या मुळात चित्राच्या मध्यातून आलेल्या असल्यामुळे आपोआप जुळतात. मग तोच ऑफसेट पुन्हा एकदा द्यावा, म्हणजे नक्षी मूळ जागी येते आणि मध्ये काही राहून गेले असेल तर तेही दिसते.

चौकोनाच्या मापाकडेही लक्ष द्यावे. १२० × १२० पिक्सेलचा चौकोन १९२० × १०८० च्या पडद्यावर आडवा बरोबर १६ वेळा आणि उभा ९ वेळा बसतो, म्हणजे उजव्या आणि खालच्या कडेला अर्धवट तुकडा उरत नाही. ३८४० × २१६० वर तो ३२ आणि १८ वेळा बसतो. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर मात्र हे गणित जुळणार नाही, तेथे कडेची नक्षी कापली जाईल. एखादा फारच उठावदार आकार, उदाहरणार्थ एकच लाल फूल, चौकोनात ठेवला तर पुनरावृत्तीमुळे पडद्यावर फुलांच्या रांगा उभ्या राहतात आणि नजर त्यांच्यामागे धावते. त्याऐवजी तीन-चार आकार कमी-अधिक अंतरावर, जवळच्या छटांत ठेवावेत. चौकोन पीएनजी म्हणून साठवावा, जेपीजी म्हणून नाही, कारण जेपीजीच्या दाबण्याने कडांजवळचे रंग किंचित बदलतात आणि मोठ्या कष्टाने घालवलेली रेघ पुन्हा उमटते. शेवटी वॉलपेपरच्या पर्यायांत 'टाइल' निवडावे. आपला चौकोन तयार झाला की आमच्याकडे अवश्य पाठवावा, आणि पाठवताना तो मूळ पीएनजी फाइल म्हणूनच पाठवावा.